पावसाळ्यात न अडकणारं रोमन म्यान

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे ग्लॅडियसची, म्हणजे रोमन पायदळाच्या आखूड तलवारीची, बिनधारेची प्रतिकृती आहे. पातं ५० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही सागवानाच्या दोन फळ्या कोरून, वर चामडं चढवून तिच्यासाठी म्यान केलं. मे महिन्यात तलवार छान आत-बाहेर होत होती. जुलैत दोघांनी ओढली तरी हलेना. दिवाळीनंतर एकदाची निघाली, तर पात्यावर गंजाचे डाग. आता दुसरं म्यान करायचंय आणि तुम्ही विचारताय की लाकूड कुठलं घेऊ, चामडं कुठलं, पितळेचा पत्रा किती जाड, आणि हे सगळं घरच्या घरी जमेल का.

जमेल. फक्त तुम्ही तीन सामानांची चौकशी केलीत आणि चौथ्या गोष्टीचं नावच काढलं नाही. ती म्हणजे आतली पोकळी. लाकूड, चामडं, पितळ हे सगळं त्या पोकळीभोवतीचं वेष्टण आहे. मी नोकरीभर पिंपरीच्या एका टूलरूममध्ये डायचे, म्हणजे धातूच्या साच्यांचे, दोन भाग एकमेकांत बसवत आलो. निवृत्तीनंतर हौस म्हणून आजवर अकरा म्यानं केली, त्यांतली सात रोमन. पहिली दोन वाया गेली, आणि दोन्ही आतून बिघडली. बाहेरून अगदी देखणी होती.

आधी तुमची तलवार का अडकली ते बघू, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. आपण म्हणतो लाकूड फुगलं म्हणून भोक लहान झालं. पण लाकडाचा तुकडा सगळीकडून सारखा फुगला तर त्यातलं भोकही त्याच प्रमाणात मोठं होतं, लहान होत नाही. मग तलवार अडकते कशी? लाकूड एकसारखं फुगत नाही म्हणून. तुम्ही बाहेरच्या बाजूला पॉलिश केलंत, त्यावर चामडं चिकटवलंत, आणि आतली बाजू कोरी ठेवलीत. पावसाळी हवा म्यानाच्या तोंडातून आत जाते, आतली कोरी बाजू ओलावा पिते, बाहेरची पीत नाही. आतली बाजू जास्त पसरली की फळीला बाक येतो आणि तिचं पोट आतल्या बाजूला फुगतं. दोन्ही फळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे दोन पोटं समोरासमोर येतात आणि पात्याच्या मधल्या कण्याला चिमटा बसतो. त्यात पातं गंजलं की गंजाचा खरखरीतपणा वर. तुम्ही पोकळी पात्याला अगदी घट्ट कोरली असणार असाही माझा अंदाज आहे. घट्ट बसलेली तलवार हातात घेतली की काम चोख झाल्यासारखं वाटतं, आणि तीच चूक असते.

म्हणून माझा नियम असा: तलवार म्यानात फक्त तोंडाशी धरली जावी, शेवटच्या तीन सेंटिमीटरात. तिथून खाली पातं मोकळं लोंबावं. कण्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर, कडांना एकेक मिलिमीटर, आणि टोकाच्या पुढे चार-पाच मिलिमीटर जागा. हलवली तर थोडी खुळखुळेल. खुळखुळू द्या.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, म्हणजे माझं माप डोळे झाकून उचललं असं नको. तुमची मापं पाँपेई पद्धतीची वाटतात: कडा समांतर, टोक आखूड आणि त्रिकोणी. ही पद्धत पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची, आणि नाव इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या तलवारींवरून पडलं. तिच्या आधीची माइन्झ पद्धत, जर्मनीतल्या त्या गावाच्या नावाची, वेगळी. तिचं पातं कमरेत बारीक असतं आणि टोक लांब निमुळतं. ती म्यानं कडेनं पूर्ण पितळी पन्हळीनं मढवलेली असत, आणि ती पन्हळ कमरेच्या वळणावर वाकवताना हमखास चुण्या पडतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन सम्राट टायबेरियसची तलवार म्हणून प्रसिद्ध असलेलं एक म्यान आहे, १८४८ मध्ये माइन्झला सापडलेलं. तोंडाच्या पत्र्यावर टायबेरियस आधीचा सम्राट ऑगस्टस याला विजय अर्पण करतोय असं उठावचित्र, आणि ढालीवर 'फेलिसितास तिबेरी' ही अक्षरं. मुलीकडे गेलो होतो तेव्हा त्या काचेसमोर तासभर उभा होतो. घरी येऊन तसलंच करायला बसलो, आणि वाया गेलेल्या दोनांपैकी पहिलं ते. तुमची तलवार खरंच पाँपेई पद्धतीची असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. त्या म्यानाला पूर्ण लांबीची पन्हळ नसते. तोंडाशी एक पत्रा, टोकाशी एक टोपण, मधे नुसतं चामडं. आपल्याकडच्या तलवारींच्या म्यानांनाही अशीच दोन टोपणं असतात, वरची मुहनाल आणि खालची तहनाल, त्यामुळे पुढे मी हीच नावं वापरतो.

दुसरी अट पात्याच्या छेदाची. बाजारातल्या बऱ्याच प्रतिकृतींचं पातं चपट्या पट्टीचं असतं, मधे कणा नसतोच. तसं असेल तर खाली दिलेली खोली सगळीकडे सारखी ठेवा. तिसरी गोष्ट कायद्याची. तुमची तलवार बिनधारेची आहे हे उत्तम. पुढेमागे धार लावायचा विचार आला, तर शस्त्र कायदा १९५९ आहे हे लक्षात ठेवा आणि आधी पोलीस ठाण्यात विचारून या.

लाकूड. सागवान वाईट नाही. ते स्थिर असतं, पण तेलकट असतं. गोंद लावायच्या आधी ताजा रंधा मारला नाही तर सांधा सुटतो. शिवाय त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार पळते. मी शिवणीचं लाकूड वापरतो. शिवण हलकं, पटाशीला मऊ आणि हवेप्रमाणे फार न बदलणारं. लाकडाच्या वखारीत मागितलं तर मिळतं, फक्त 'कोरीवकामाला हवंय' म्हणून सांगा, नाहीतर गाठीचं गळ्यात मारतील. बाभूळ नको: जड, आणि त्यातलं टॅनिन लोखंडाला काळं करतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर मुळीच नको. ओल लागली की ते फुगतं ते परत बसत नाही, आणि त्यातल्या रेझिनच्या वाफेत पातं वर्षभर कोंडणं मला पटत नाही.

फळी निवडताना तिच्या आडव्या छेदाकडे बघा. वर्षवलयं पृष्ठभागाशी काटकोनात उभी दिसली पाहिजेत. अशी फळी रुंदीत साधारण निम्मीच हलते, कारण लाकूड वलयांच्या दिशेत जेवढं फुगतं त्याच्या अर्धंच वलयांना छेदून फुगतं. फळी घरी आणली की लगेच कापू नका. मी एक तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी ठेवतो आणि वजन पेन्सिलीनं त्याच्यावरच लिहितो. लागोपाठ तीन रविवार आकडा बदलला नाही की करवत उचलायची. वखारवाला 'एकदम सुकं आहे साहेब' म्हणेल. त्याच्याशी वाद घालायचा नाही, काट्याला विचारायचं.

म्यानाची दोन्ही पानं, म्हणजे पुढची आणि मागची फळी, एकाच जाड फळीतून चिरून काढा आणि पुस्तक उघडावं तशी मांडा. चिरलेल्या बाजू आतल्या. मग पुढे लाकूड हललंच, तर दोन्ही पानं आरशातल्यासारखी हलतात आणि म्यान वाकडं होत नाही. प्रत्येक पान ६ मिलिमीटर जाड ठेवा. त्यावर पातं ठेवून टोकदार पेन्सिलीनं रेघ काढा, तिच्याबाहेर एक मिलिमीटर वाढवा, आणि दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटर गोंदाची पट्टी सोडा. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या पात्याला साडेसहा-पावणेसातचं पान झालं. पातं मध्यावर ६ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक पानात मधोमध साडेतीन मिलिमीटर खोल, आणि कडेकडे उतरत जाऊन एक मिलिमीटर. तळाशी अडीच मिलिमीटर लाकूड उरतं. कमी वाटेल, पण पुरतं. म्यान हातात घेतल्यावर जड लागलं तर ते रोमन वाटत नाही. पाँपेईच्या तलवारीचं सगळं वजनच किलोच्या आसपास असतं, तिला दीड किलोचं म्यान कशाला?

कोरायला मोठी हत्यारं लागत नाहीत. अर्धगोल पटाशी, चपटी पटाशी, आणि शेवटी हाताच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर. लाकडाच्या तंतूंच्या रेषेच्या दिशेनंच कापा. टोकाच्या त्रिकोणात रेषा उलटी लागते, तिथे दोन्ही बाजूंनी मध्याकडे या.

आता टूलरूमची युक्ती. डायचे दोन भाग नीट बसतात की नाही हे बघायला आम्ही एका भागावर निळा रंग पुसायचो, दोन्ही दाबायचे आणि उघडायचे. जिथे रंग उमटला तिथे टेकतंय. घरी निळा रंग नको, काजळी चालते. निरांजन लावा, ज्योतीवरून पातं हळूहळू फिरवा, पातळ काळा थर बसेल. मग पातं एका पानावर ठेवा, दुसरं पान वर दाबा, एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे हलवा आणि उघडा. काळे ठिपके दिसतील तेवढेच खरवडा. तोंडाजवळचे तीन सेंटिमीटर सोडून कुठेही काळं उमटेनासं होईपर्यंत हेच करत राहायचं. मला दर वेळी बारा-पंधरा फेऱ्या लागतात. घरातले विचारतात, अजून तेच करतोयस? हो, अजून तेच.

मग आतून दोन्ही पानांना चपडी लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे दोन पातळ हात द्या. बाहेरच्या बाजूलाही तेवढेच दोन, पण ते चिकटवून, बाहेरून रंधा मारून झाल्यावर. आत-बाहेर सारखं, हे महत्त्वाचं. तुमच्या पहिल्या म्यानात हेच राहून गेलं. आतून जवसाचं तेल लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. बंद पोकळीत ते आठवडे-महिने चिकट राहतं आणि त्याचा आंबूस वास पात्याला लागतो. लाख दोन दिवसांत वाळते. गोंदाच्या पट्टीवर लाख जाऊ देऊ नका, तिथे आधी चिकटपट्टी लावून घ्या.

चिकटवताना साधा पांढरा फेविकॉल पुरे. सरसाला इतिहासाचा मान आहे, पण कोकणात किंवा मुंबईच्या हवेत तो पावसाळ्यात मऊ पडतो आणि बुरशी धरतो. गोंद पट्टीच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच लावा. दाबल्यावर तो आत सरकतो आणि पोकळीच्या कडेला वाळून दगड होतो, तिथे पटाशी पोचत नाही. पानं सरकू नयेत म्हणून पातं आत ठेवूनच चिकटवतात. पात्याला आधी मेण चोळा, वर पातळ प्लास्टिक गुंडाळा, सी-क्लॅम्प आवळा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पातं बाहेर काढा. काढा म्हणजे काढाच. माझं वाया गेलेलं दुसरं म्यान याच पायरीवर गेलं. दारात कुरिअरवाला आला, मग चहा झाला, मग फोन. परत आलो तेव्हा प्लास्टिक एका जागी फाटलेलं होतं आणि पातं लाकडाचा भाग झालं होतं. म्यान पाचर मारून उकलावं लागलं.

चोवीस तासांनी बाहेरून रंधा मारा. मध्यावर जाडी तशीच, कडेकडे उतार, आणि कडेला दोन्ही पानं मिळून ५ मिलिमीटर. छेद बदामासारखा दिसला पाहिजे. मूळ म्यानांचं लाकूड आणि चामडं बहुतेक ठिकाणी कुजून गेलेलं असतं, हाती लागतो तो धातू. पण धातूच्या पन्हळीची आतली रुंदी मोजली की लाकडाची कड किती पातळ होती ते कळतं, आणि प्रतिकृती विकणारे तिथेच चुकतात. त्यांची म्यानं कडेला बोटाएवढी जाड असतात.

चामडं. इथे दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत: झाडाच्या सालीत कमावलेलं आणि क्रोममध्ये कमावलेलं. पर्स आणि जाकिटाचं चामडं बहुतेक क्रोमचं. ते ओलं करून आकाराला बसत नाही. कापलेली कड बघा: निळसर-राखाडी असेल तर क्रोम, आरपार बदामी-तपकिरी असेल तर सालीचं. पाण्याचा थेंब टाकला तर सालीचं चामडं लगेच गडद होतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावतात, म्हणजे जात बरोबर. पण तळव्याचं चामडं म्हशीचं आणि फार जाड असतं. ते नको. तिथल्याच व्यापाऱ्याकडे शेळीचं, एक मिलिमीटरच्या आसपासचं मागा. (कोल्हापूरला गेलाच आहात तर टाउन हॉलच्या संग्रहालयात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती बघून या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, रोमन. रोमन म्यानासाठी चामडं आणायला गेलेल्या माणसाला ती भेटते तेव्हा बरं वाटतं.)

चामडं दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, पंचात गुंडाळून जास्तीचं पाणी टिपा. म्यानावर ओढून घ्या आणि मागच्या बाजूला मधोमध सांधा येईल असं कापा. दोन्ही कडांमधे तीन-चार मिलिमीटर फट राहू द्या, टाका ओढला की ती मिटते. आरीनं पाच-पाच मिलिमीटरवर भोकं पाडा, मेण लावलेला तागाचा किंवा जाड सुती दोरा घ्या, त्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवा आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घाला. चांभाराचाच टाका आहे हा. एक धागा तुटला तरी शिवण उसवत नाही. वाळताना चामडं आकसतं आणि लाकडाला घट्ट धरतं, म्हणून मी चामड्याखाली गोंद फक्त तोंडाशी आणि टोकाशी लावतो.

ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून आपल्याकडे पूर्वी काळी शाई करत. सालीत कमावलेलं ओलं चामडं आणि लोखंडी क्लिप एकत्र आली की नेमकी तीच शाई तयार होते, आणि तो डाग निघत नाही. धरून ठेवायला कपड्याचे लाकडी चिमटे घ्या, स्प्रिंग टेकणार नाही असे. आत आधाराला तलवार घालू नका. पात्याच्या आकाराची लाकडी पट्टी कापून घ्या आणि तीच आत ठेवा. ती एक पट्टी पुढे रिंगा बसवताना, पितळ ठोकताना, सगळीकडे उपयोगी पडते.

रंग तुमच्या आवडीचा. लालभडक म्यानं सगळीकडे दिसतात. मला गडद तपकिरी बरं वाटतं.

पितळाकडे येऊ. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा घ्या, दुकानात पंचवीस गेज सांगा. याहून जाड घेतला तर घरच्या हातोडीला वळत नाही, पातळ घेतला तर बोटानं चेपतो. पुण्यात असाल तर बोहरी आळीत सुटा तुकडा मिळतो. नसाल तर जवळच्या भांडीवाल्या तांबटाला विचारा. वळवायच्या आधी पत्रा तापवून मऊ करा: अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम मंद लाल दिसेपर्यंत, त्यापुढे नाही. जास्त तापवलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो फुप्फुसांना वाईट, म्हणून हे काम गच्चीवर. प्रत्येक दोन-तीन वळणांनंतर पितळ पुन्हा कडक होतं, पुन्हा तापवायचं. घाई केली की वळणावर चीर जाते.

मुहनालेचा पत्रा सोपा आहे. पुढच्या बाजूला तोंडापासून खाली दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोन, कडा मागे वळवलेल्या. त्यावर नक्षी कोरायची तर लोहारी छिन्नी नको. सोनार वापरतात तसा राळेचा पाट करा: राळ, विटेची बारीक भुकटी आणि थोडं तेल एकत्र वितळवायचं. त्यावर पत्रा चिकटला की खालून नीट आधार मिळतो आणि ठसा उमटतो तेवढाच उमटतो. पहिल्या म्यानावर नक्षी करू नका असं मी म्हणेन. दोन आडव्या रेघा काढा आणि थांबा.

तहनाल जास्त वेळ खाते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दोन पन्हळींची जोडणी आणि खाली गोल गोंडा. पन्हळीसाठी १८ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, मऊ करा, ६ मिलिमीटर जाडीच्या, कडा गोल घासलेल्या लोखंडी पट्टीवर लाकडी हातोडीनं दोन्ही बाजूंनी उतरवा. पितळाखाली येणारं चामडं आधी तासून निम्मं करा, म्हणजे कडेचे ५ मिलिमीटर आणि वर दोन्हीकडचा अर्धा-अर्धा, बरोबर ६ होतात. खालच्या टोकाला दोन्ही पन्हळी कानशीनं घासून जुळवा आणि झाळून घ्या. गोंड्यासाठी लेथ हवा असं नाही. जुन्या ड्रॉवरची भरीव पितळी मूठ भंगारात मिळते, ती ड्रिलमधे धरून कानशीनं घासली की काम होतं. माझ्या तीन म्यानांचे गोंडे एकाच जुन्या कपाटाचे आहेत.

पितळ बसवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला लाखेचा हात द्या. चामड्यातली चरबी आणि आम्ल पितळाला लागलं की हिरवट चिकट थर धरतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तोच प्रकार. बसवायला एक मिलिमीटरचे पितळी खिळे, आणि ते फक्त कडेच्या गोंदपट्टीत. मधल्या भागात मारलेला खिळा अडीच मिलिमीटर लाकूड पार करून पोकळीत डोकावतो आणि पात्यावर आयुष्यभराची रेघ ओढतो.

एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतो. रोमन लष्करी पितळी सामानावर अनेकदा कथलाचा थर सापडतो, म्हणजे चक्क कल्हई. उठावातला भाग पांढरा चमकावा आणि बाकी पितळ पिवळं राहावं यासाठी. आपल्याकडे हे काम करणारा माणूस अजून गल्लीत येतो. पत्रा तापवून, नवसागर टाकून, कथील कापसानं फिरवलं की झालं. तोंडाचा पत्रा मी म्यानावर चढवायच्या आधी कल्हईवाल्याकडूनच करून घेतो, आणि नंतर नको तिथली कल्हई बारीक पेपरनं काढून टाकतो. त्यानं पहिल्यांदा विचारलं, हे कशाचं झाकण? मी सांगितलं. तेव्हापासून तो पैसे कमी घेतो.

रिंगा चार, दोन आडव्या पट्ट्यांना दोन-दोन. पट्ट्या १० मिलिमीटर रुंद, तोंडाकडच्या भागात एकमेकींपासून पाच-सहा सेंटिमीटरवर, टोकं वळवून त्यांच्या नाक्यात रिंगा. रोमन शिपाई चारही रिंगा कशा बांधत याबद्दल जाणकारांत वाद आहे. मी करून बघितलंय ते सांगतो. चारही आवळल्या तर म्यान कमरेला खांबासारखं उभं राहतं आणि तलवार उपसताना कोपर अडकतं. वरच्या दोन रिंगांवर लोंबू दिलं तर टोक मागे झुलतं आणि तलवार सहज निघते. साधे शिपाई तलवार उजव्या बाजूला लावत आणि सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचे अधिकारी, डाव्या. इ.स. ११३ मध्ये रोममध्ये उभारलेल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर शिपायांच्या तलवारी उजव्या बाजूलाच दिसतात. ज्यू इतिहासकार जोसेफस मात्र पायदळाची तलवार डावीकडे आणि खंजीर उजवीकडे असं लिहून गेलाय. शिल्पं आणि थडग्यांवरच्या आकृती बघता मी स्तंभाची बाजू घेतो. उजव्या हातानं उजवीकडची तलवार उपसायची हे ऐकायला अवघड वाटतं, पण पातं आखूड असल्यामुळे तळहात बाहेर वळवून, मूठ पुढे रेटत वर खेचली की निघते. रिंगा दोन्ही कडांना सारख्याच असल्यानं तुमचं म्यान कुठल्याही बाजूला चालेल, फक्त शिवणीची बाजू अंगाकडे ठेवा.

शेवटची कसोटी अशी. तलवार घाला, म्यान उलटं धरा. आपसूक पडता कामा नये. मग अंगठ्यानं मुठीखालच्या आडव्या भागाला हलका रेटा द्या. तेवढ्यानं सुटली पाहिजे. पडत असेल तर तोंडाच्या आतून चामड्याची पातळ चकती चिकटवा, सुटत नसेल तर पुन्हा निरांजन आणि काजळी.

आणि एवढं करूनही पावसाळ्यात तलवार म्यानात ठेवू नका. जून लागला की पातं पुसून, पातळ तेल लावून वेगळं, कोरड्या कापडात. म्यान वेगळं, आत ती लाकडी पट्टी घालून, म्हणजे आकार टिकतो. लाकूड आणि चामडं दोन्ही हवेतला ओलावा साठवतात, त्यांच्या कुशीत लोखंड चार महिने ठेवणं म्हणजे गंजाला पाट मांडून जेवायला बसवणं.

वेळ विचारलात तर मला सहा-सात शनिवार-रविवार लागतात, त्यातले तीन नुसते पोकळीत जातात. तुम्हाला पहिल्यांदा दहा लागतील.

तुमचं जुनं सागवानी म्यान टाकू नका. त्याचं चामडं काढा, फळ्यांच्या कडेचा सांधा पातळ सुरीनं उकला आणि आत बघा. जिथे पातं घासून चकाकी आलेली असेल तिथे पोट फुगलंय. बहुधा मधल्या तिसऱ्या भागात, कण्याच्या रेषेवर दिसेल. तेवढं एक-दीड मिलिमीटर खरवडून, आतून-बाहेरून लाख लावून परत चिकटवलंत तर नवीन लाकूड आणायचीही गरज पडणार नाही. पात्याची जाडी तोंडाशी, मध्यावर आणि त्रिकोण सुरू होतो तिथे अशी तीन ठिकाणी व्हर्नियरनं मोजून कळवा, मग किती खरवडायचं ते नेमकं सांगतो.